कॉनीच्या विहिरीचं सतरावं शतक

इतिहास हा साऱ्या मानवजातीचा सामाईक ठेवा आहे, तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, आणि येणाऱ्या पिढ्यांसाठी तो प्राणपणाने जपणं हे आपलं आद्य कर्तव्य आहे, असा ठराव बेट वारसा समितीने टाळ्यांच्या गजरात मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी क्रूसपाड्यात माणसं पाठवून कॉनी मिरांडाच्या विहिरीला कुलूप घातलं.

विहिरीला कुलूप लागतं हे कॉनीला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. घराला कुलूप, कपाटाला कुलूप, फार तर माणसाच्या तोंडाला कुलूप, इथवर तिची मजल होती. मंगळवारी ती भाईंदरहून भाजी घेऊन परत आली आणि कळशी घेऊन मागच्या दारी गेली, तर विहिरीवर लोखंडी पिंजरा. कोंबड्या झाकायचं खुराडं असतं तसा, फक्त आत कोंबड्यांऐवजी पाणी. पिंजऱ्याला नारळाएवढं कुलूप, कुलपाला पत्र्याची पाटी: ‘कुलपास हात लावू नये.’ बाजूला दोन खांबांवर निळा फलक, त्यावर पांढरी अक्षरं: ‘ठिकाण क्रमांक सात. पोर्तुगीजकालीन विहीर, अंदाजे सतरावे शतक. पाणी काढू नये. काठावर बसू नये. वाकून पाहू नये.’

न वाकता विहिरीत कसं पाहायचं, ते लिहायला बहुधा फलकावर जागा उरली नसावी.

फलकाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक वॉचमन बसला होता. मोरव्याचा हरिश्चंद्र. त्याने कॉनीला बघून उठल्यासारखं केलं.

“हे काय?” कॉनीने विचारलं.

“वारसा हाय, मावशी.”

“कोनाचा?”

“ते न्हाय सांगितलं. बसून राहा म्हनले.”

कॉनीने फलक दोनदा वाचला. मग कळशी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “सतरावं शतक? माझ्या सासऱ्यानं खणलीय ही. एकसष्ट साली. त्याचे दोन भाव आणि तो. सासू सांगायची, तीन म्हयने नुसता खडक लागला आणि पानी लागलं त्या दिवशी तिघं इतकी ताडी प्याले का दोघं विहिरीतच झोपले.”

हरिश्चंद्राने फलकाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं आणि सरकारी माणसाला शोभेल असं उत्तर दिलं. “आता लिवलंय ना, मावशी.”

एरवी कॉनीने त्याला चहा पाजून, चार शिव्या घालून विषय सोडून दिला असता. नळाला एक दिवसाआड का होईना पाणी येत होतंच. पण येत्या रविवारी तिच्या धाकटीचं, ॲन्ड्रियाचं लग्न होतं आणि शनिवारी संध्याकाळी होतं उंबराचं पाणी.

क्रूसपाड्यात पाद्रीबाबा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्न लावतात ते कागदासाठी. पाड्याच्या लेखी पोरगी नवरी होते ती आदल्या संध्याकाळी. बायका लुगडी नेसतात, बँड पुढे घालून विहिरीवर जातात, काठावर पानविडा आणि मूठभर तांदूळ ठेवतात, कळश्या भरतात आणि त्या पाण्याने पोरीला आंघोळ घालतात. पाणी नळाचं चालत नाही, टँकरचं चालत नाही, शेजारच्या पाड्याचं तर मुळीच चालत नाही. कॉनीच्या तिन्ही नणंदा याच पाण्याने नवऱ्या झाल्या, थोरल्या दोन पोरीही झाल्या. नवरा पास्कू दर मे महिन्यात स्वतः विहिरीत उतरून गाळ काढायचा आणि वर येताना ओरडायचा, “ॲन्ड्रियाच्या टायमाला असंच चकाचक पायजे!” सहा वर्षांपूर्वी पास्कू गेला. गाळ काढायला आता माणसं लावावी लागत, पण ओरडणं कॉनीने चालू ठेवलं होतं.

तेव्हा बुधवारी सकाळी कॉनी समितीच्या कचेरीत निघाली. बरोबर ॲन्ड्रिया, कारण तिला साहेब लोकांशी बोलता येतं. आणि धाकटा दीर आल्बर्ट, कारण त्याच्याकडे हॅट होती. आल्बर्ट पाड्याच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा. वाजवताना वाघ, एरवी शिक्का मारलेला कागद दिसला की उभा राहून वाचणारा माणूस. त्या दिवशी वाटभर तो हॅटशी चाळा करत होता.

बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे होडी येते. इथे होडीची गरज पडत नाही. भाईंदरला बस पकडली की मिठागरं, चिखल, पुन्हा मिठागरं असं करत रस्ता कधी बेटावर चढतो ते कंडक्टरलाही सांगता येत नाही. पण समितीने छापलेल्या पुस्तिकेचं नाव होतं ‘एका दिवसात बेट: पाहण्यासारखी अकरा ठिकाणे’, आणि मुखपृष्ठावर होडी होती. पहिल्या ठिकाणी किल्ल्याचे दगड होते, दुसऱ्या ठिकाणी देऊळ, तिसऱ्या ठिकाणी तोफ. अकरावं ठिकाण म्हणजे खुद्द समितीचं संग्रहालय, आणि कचेरीही त्यातच.

संग्रहालय जुन्या बर्फखान्यात होतं. आत पाच वस्तू होत्या: एक वल्हं, एक कौल, एक गंजका नांगर, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो, ज्यात नेमके नवऱ्याचे डोळे मिटले होते, आणि लुगडं नेसलेली एक बाई. बाई प्लास्टिकची होती. मीरा रोडच्या एका बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून आलेली, गोरीपान, टकली, एक हात रिक्षा थांबवल्यासारखा वर. लुगडं तिला कुणीतरी पडद्यासारखं गुंडाळलं होतं. खाली पाटी: ‘पारंपरिक वेशातील स्थानिक स्त्री.’

कॉनीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. “हिला कोनी नेसवलं? हिचा कोनाशी झगडा झाला होता काय?”

“मम्मी, आपण कशाला आलोय?” ॲन्ड्रिया कुजबुजली. ती मीरा रोडला एका बँकेत कामाला होती आणि आईला बाहेर न्यायचं म्हटलं की आधी दार कुठे आहे ते बघून ठेवायची.

रसिका मॅडम पुढे आल्या. वय पस्तीसच्या आसपास, राहणार बेव्हर्ली पार्क, आईवडील मूळचे गिरगावातले, शिक्षण वस्तुसंग्रहालयाच्या शास्त्रातलं. स्वभावाने गरीब होत्या, पण गळ्यात ओळखपत्र असल्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

“बसा ना मावशी. चहा?”

“चहा नको. शनिवारी सांजच्याला तासभर कुलूप काढा. पोरीचं लगीन हाय. पानी काढतो, परत लावा तुमचं कुलूप. दोन लावा.”

“किल्ली माझ्याकडे नसते, मावशी. अध्यक्षांकडे असते.”

“मंग त्यांना सांगा.”

“ते परदेशी गेलेत. अभ्यासदौरा आहे. बाहेरच्या बेटांवर जुन्या विहिरी कशा जपतात, ते बघायला.”

“तितल्या विहिरी उघड्या हायत?”

रसिका मॅडमनी थोडा विचार केला. “असाव्यात. त्याशिवाय कशा बघणार?”

कॉनी उठली आणि बोलता बोलता प्लास्टिकच्या बाईपाशी गेली. तिथे पाटी होती, ‘वस्तूंना हात लावू नये’. कॉनीने बाईचा पदर फेडला. “हे बघा मॅडम, ही विहीर पोर्तुगीजांची न्हायच. माझ्या सासऱ्याची हाय. सासरा माझा सतराव्या शतकातला न्हवता. तो मेला तेव्हा टीव्हीवर मॅच चालू होती. स्कोर विचारून मेला.”

“पण काठावरच्या दगडावर क्रूस कोरलाय. जुनी कोरणी आहे ती.”

“तो दगड किल्ल्यातून आणलाय. कपडे धुवायला. धर गं पोरी हिचा हात.” ॲन्ड्रियाने मुकाट्याने बाईचा वर केलेला हात धरला. कॉनी निऱ्या घालू लागली.

“मावशी, आमच्याकडे तज्ज्ञाचा अहवाल आहे,” रसिका मॅडमनी फाईल उघडली. “पान चार. ‘सदर विहीर पोर्तुगीजांनी खोदली असून तिचे पाणी त्यांचे गव्हर्नर पीत असत.’”

“कोन हा तज्ज्ञ? बोलवा त्याला. माझ्या समोर बोलू दे.”

“श्री. आल्बर्ट मिरांडा. स्थानिक ज्येष्ठ माहितगार.”

बर्फखाना होता तेव्हासुद्धा इतका गार पडला नसेल. आल्बर्टने हॅट काढली आणि तिच्यात काही सापडतंय का ते पाहिलं.

“वयनी,” तो म्हणाला, “शेजारच्या वांगणपाड्याला तोफ मिळाली.”

“मंग?”

“मंग हे लोक फॉर्म घेऊन आले आपल्या पाड्यात. विचारलं, तुमच्याकडं काय हाय? वांगणपाड्याची सगली मानसं हुबी, दात काढून. मी काय बोलू? काय न्हाय? त्या लोकांच्या समोर? तोंडात आलं ते बोललो. विहीर हाय म्हनलो. किती जुनी? म्हनलो, तुमच्या तोफेच्या आधीची.”

“आणि ते गव्हर्नर?”

“त्यांनी फॉर्ममधी विचारलं होतं, विशेष काय. रकाना खाली कसा सोडनार?”

“अरे मेल्या, ती तोफ तरी तोफ हाय काय? बोटीचा सायलेन्सर हाय तो! पास्कूनं फेकलेला!”

रसिका मॅडमनी फाईलमधलं तिसरं पान हळूच उलटं करून ठेवलं.

आल्बर्टला मात्र आता धीर आला. चूक कबूल केली की माणूस हलका होतो, विशेषतः दंड भरायचा नसेल तर. तो उभा राहिला, हॅट छातीशी धरली आणि म्हणाला, “मॅडम, माझी चूक झाली. एकसष्ट साल लिवा. मी सही करतो.”

“तसं नाही करता येत, काका. फलक लागला. पुस्तिका छापून आली. आता शतक बदलायचं म्हणजे समितीची बैठक हवी आणि बैठक तीन महिन्यांतून एकदा होते. सोमवारी तर उद्घाटन आहे. पाहुणे यायचेत सकाळी दहाला.”

म्हणजे विहीर एकसष्ट सालची आहे हे विहिरीला ठाऊक होतं, कॉनीला ठाऊक होतं, खोटं सांगणाऱ्याला ठाऊक होतं आणि खोटं ऐकणाऱ्यालाही आता ठाऊक झालं होतं. फक्त फलकाला ठाऊक नव्हतं, आणि सोमवारपर्यंत फलकाचंच चालणार होतं.

रसिका मॅडमना खरोखर वाईट वाटत होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “मावशी, मी मार्ग सुचवू? नाक्यावर आपण फायबरची विहीर बसवतोय. हुबेहूब. लोकांना सेल्फी काढायला. तुमचा विधी तिथे करा. टँकरने पाणी भरून देते, माझ्या जबाबदारीवर.”

कॉनी प्लास्टिकच्या बाईला कासोटा घालत होती. तिचा हात थांबला. “फायबरच्या विहिरीचं पानी?”

“आणि दुसरं म्हणजे, विधी कुठे हरवणार नाही. आम्ही त्याची फिल्म करणार आहोत. मॉडेल बोलावलीय, छान मुलगी आहे. ती नवरी होईल, विहिरीवर शूटिंग करू, आणि इथे भिंतीवर पडद्यावर सतत चालू राहील. लोक येऊन बघतील.”

तोवर ॲन्ड्रिया प्लास्टिकच्या बाईचा हात धरून उभी होती. घरून निघताना ती आईला म्हणाली होती, “मम्मी, काय फरक पडतो, बाटलीच्या पाण्याने करू आंघोळ.” आता तिने तो हात सोडला.

“एक मिनिट मॅडम. त्या विहिरीवर ती मुलगी जाणार?”

“शूटिंगपुरती.”

“तिच्यासाठी कुलूप उघडणार?”

“ते… अध्यक्ष आल्यावर. परवानगीने.”

“म्हणजे माझं लग्न, माझ्या घरची विहीर, माझ्या बापाने साफ केलेली, आणि पाणी त्या मुलीच्या डोक्यावर. आणि मी काय करायचं? इथे येऊन बाकावर बसून बघायचं?”

रसिका मॅडमनी फाईल मिटली. बोलण्यासारखं एकच उत्तर होतं आणि ते ‘हो’ होतं.

“चल मम्मी,” ॲन्ड्रिया म्हणाली.

“थांब, पदर ऱ्हायला.” कॉनीने बाईचा पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, दोन पावलं मागे सरून पाहिलं, समाधानाने मान हलवली. मग रसिका मॅडमकडे वळून, पुढच्या गुरुवारचं जेवणाचं आमंत्रण द्यावं तशा सुरात म्हणाली, “मॅडम, शनिवारी सांजच्याला सहा वाजता आमी पानी काढनार. तुमच्या कानावर असू दे. मागाहून म्हनाल, सांगितलं न्हाय.”

बाहेर आल्यावर आल्बर्ट म्हणाला, “वयनी, तू धमकी दिलीस.”

“टायम दिला.”

शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावर होड्यांपाशी पाड्याची बैठक भरली. म्हणजे बैठक अशी कुणी बोलावली नव्हती. जाळी साफ करणारे जाळी साफ करत होते, बोंबील टांगणाऱ्या टांगत होत्या आणि कॉनी मध्ये उभी राहून मोठ्याने बोलत होती. कुलूप तोडावं, असं चार जणांचं मत पडलं. पिंजरा कापावा, असं दोघांचं. फ्लेव्हिया ही ॲन्ड्रियाची गॉडमदर, पाड्यात सगळ्यात रुंद आणि सगळ्यात कमी बोलणारी बाई. तिने बोंबील टांगता टांगता विचारलं, “वजन किती?”

“कशाचं?”

“पिंजऱ्याचं.”

“असंल अर्ध्या होडीचं.”

“मंग तोडता कशाला? होडी आपन तोडतो काय?”

एवढं बोलून ती पुन्हा बोंबलांकडे वळली. पण काम झालं होतं. होडी कशी हलवायची हे क्रूसपाड्यात शिकवावं लागत नाही. पावसाच्या आधी होड्या वर ओढतात तेव्हा खाली लाकडाचे ओंडके टाकतात, दोराला सगळा पाडा लागतो, बाई-बाप्या बघत नाहीत, आणि एक जण ओरडतो. पास्कू होता तोवर तो ओरडायचा. तो गेल्यापासून ओरडायचं काम आपसूक कॉनीकडे आलं होतं, कारण त्या घरात आवाज वारसाहक्काने नव्हता, संगतीने होता.

आल्बर्ट गेल्या दोन रात्री झोपला नव्हता. तो घाईघाईने पुढे आला. “बरोबर हाय! पाटीवर लिवलंय कुलपाला हात लावू नये. पिंजऱ्याचं काय लिवलं न्हाय! म्हंजे कायद्यात बसतं, वयनी!”

कॉनीने त्याच्याकडे दिराकडे बघावं तसं पाहिलं. “बसत असंल तर बसू दे. न्हाय बसला तर हुबा राहू दे. आपल्याला पानी काढायचंय.” मग तिने एक बोट वर केलं. “पन एक सांगून ठेवते. काठाचा एक दगड हलता कामा न्हाय. सासऱ्यानं लावलेला हाय. ज्याच्या हातून हलंल त्याला लग्नात फुगे मिळायचे न्हाईत.”

नुसत्या मारामारीच्या धमकीने जे झालं नसतं ते या धमकीने झालं. कॉनीच्या हातचे मैद्याचे तळलेले गोल फुगे सोडून कुणी दगडाला धक्का लावणार नव्हता.

शनिवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना आल्बर्टच्या ट्रम्पेटने पहिला सूर लावला आणि पाडा निघाला. पुढे बँड, मागे लुगड्यांतल्या बायका, लाल चौकडीची चाळीसएक लुगडी, केसांत फुलं, काखेत कळश्या. मध्ये ॲन्ड्रिया, गळ्यात आजीचा पोवळ्याचा हार. सगळ्यात मागे चार जण ओंडके घेऊन आणि दोघे खांद्यावर दोराची वेटोळी घेऊन. वरात आणि चढाई यांच्यात नेमका फरक काय, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडला असता. पण पाहणारा एकटा हरिश्चंद्र होता आणि तो मोबाईलवर नंबर शोधत होता.

“मॅडमला लावतो फोन,” तो कॉनीला म्हणाला. “माझी ड्युटी हाय, मावशी. राग मानू नका.”

“लाव बाबा. आणि लावून झाला का खुर्ची जरा मागं घे. पायावर येईल.”

कॉनीने विहिरीला फेरी मारली. पिंजरा चार ठिकाणी बोल्टने पक्का करायचा होता. ठेकेदाराने दोनच बोल्ट मारले होते आणि तेही पोर्तुगीजांच्या दगडाला लागू नये म्हणून शेजारच्या मातीत. ते फ्लेव्हियाने पहारीने उपटले. पिंजऱ्याच्या कडेखाली पहार घालून एक बाजू उचलली, ओंडके सरकवले, दोर बांधले. बँड थांबला. सुवासिनी, कुमारिका, विधवा, बँकवाली, बोंबीलवाली, सगळ्या दोराला लागल्या. पुरुष लागले. पदर खोचले गेले.

कॉनी काठाजवळ उभी राहिली आणि श्वास घेतला.

“हैऽऽऽसा!”

“हैस्सा!”

पिंजरा कुरकुरला.

“सरकारी खुराड्याला हैऽऽऽसा!”

“हैस्सा!”

“आल्बर्टच्या पोर्तुगीजाला हैऽऽऽसा!”

यावर पाडा इतका हसला की दोर क्षणभर सैल पडला. आल्बर्टही हसला, पण त्याने ट्रम्पेट खाली ठेवलं आणि दोर धरला. धरल्यावर मात्र सोडला नाही. सहाव्या हाकेला पिंजरा ओंडक्यांवर चढला, आठव्याला गडगडत निघाला आणि बाराव्याला चिंचेखाली जाऊन टेकला, कुलपासकट, पाटीसकट, जसाच्या तसा. काठाचा एकही दगड हलला नव्हता. कॉनीने वाकून पाहिलं. खाली अंधारात पाणी होतं आणि पाण्यात तिचं डोकं.

तिने काठावर पान ठेवलं, तांदूळ ठेवले, क्रूस केला आणि कळशी सोडली.

ती पहिली कळशी वर येत होती तेव्हाच रिक्षा येऊन थांबली आणि रसिका मॅडम धावत आल्या. चपलेत वाळू, हातात वही, गळ्यात ओळखपत्र उलटं झालेलं.

“मावशी! थांबा! ती कळशी खाली ठेवा!”

कॉनीने कळशी काठावर ठेवली. खाली ठेवली असं म्हणता येईल, अशा रीतीने. दोर हातातच होता. बँडवाल्याने ढोल पोटाशी धरला.

“हे बेकायदा आहे,” रसिका मॅडमना धाप लागली होती. “मी तुम्हाला समजावलं होतं. आता मला कारवाई करावी लागेल. संरक्षित ठिकाणाची नासधूस…”

“नासधूस कुठं दिसते ती दाखवा.”

रसिका मॅडमनी पाहिलं. विहीर होती. पिंजरा होता. कुलूप होतं. एवढं नीटनेटकं बंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“तरी नियम मोडलाच ना.”

“मोडला,” कॉनी म्हणाली. आल्बर्ट मध्ये काहीतरी बोलणार होता, तिने त्याला हाताने मागे सारलं. “मोडला मॅडम, आणि उद्या पायजे तर परत मोडीन. तुमी शिकलेल्या. मला एक सांगा. ज्या विहिरीचं पानी कोन काढत न्हाय, तिचं काय होतं? तीन म्हयन्यात शेवाळ, सहा म्हयन्यात बेडूक आणि वरसाभरात मच्छर. मंग बघा तुमचं सतरावं शतक, नाकाला फडकं लावून. लोकं बघायला येनार, येऊ द्या. चहा पन पाजू. पन आमी त्या तुमच्या प्लास्टिकच्या बाईसारख्या हात वर करून हुब्या ऱ्हानार न्हाय. आमचं लगीन हाय. आमी हितंच पानी काढनार. ही काढली तशी पुढची काढनार, तिच्या पोरीच्या टायमाला पन काढनार. लिवा नाव. कॉन्स्टन्स पास्कू मिरांडा.”

रसिका मॅडमनी वही उघडली. काय करणार, वही उघडायची असते म्हणून त्यांनी ती आणली होती.

“माझं पन लिवा,” फ्लेव्हिया पुढे आली. “पहार माझी होती.”

“माझं ॲन्ड्रिया लिहा. डोक्यावर चंद्र असलेला ‘ॲ’ लिहा, आधार कार्डावर चुकलंय.”

“माझं आनंदी. मी बाहेरची हाय, भाड्यानं ऱ्हाते, पन दोर मी बी धरला.”

“आल्बर्ट मिरांडा,” आल्बर्ट म्हणाला. मग त्याने वहीत डोकावून पाहिलं आणि पुढे म्हणाला, “स्थानिक ज्येष्ठ माहितगार. ते पन लिवा, मॅडम.”

मग एकच गलका झाला. एकीला नवऱ्याचं नाव घालायचं नव्हतं, दुसरीला दोनदा घालायचं होतं. एका म्हातारीने गेल्या वर्षी वारलेल्या बहिणीचं नाव सांगितलं, “ती असती तर आलीच असती” म्हणून. रसिका मॅडम लिहीत होत्या. पान उलटत होत्या. एकोणपन्नास नावं झाली. पन्नासावं हरिश्चंद्राने सांगितलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, “माझं खोडा. मी ड्युटीवर हाय.”

तोवर कळश्या भरून होत होत्या. कुणी थांबलं नव्हतं. बँडने पुन्हा सूर धरला, वरात अंगणाकडे निघाली, आणि चार पावलांवर, मांडवाखाली पाटावर बसलेल्या ॲन्ड्रियाच्या डोक्यावर फ्लेव्हियाने पहिली कळशी रिकामी केली. ॲन्ड्रिया किंचाळली. पाणी चांगलंच गार होतं. मग ती हसली, मग रडली आणि मग म्हणाली, “अजून एक.”

कॉनी विहिरीपाशीच थांबली होती. तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून शेजारणीकडे दिल्या, कारण चौकीत सोनं घालून जाऊ नये असं तिने ऐकलं होतं. लुगड्याचा पदर नीट केला. ओल्या काठावर हात टेकला आणि मान वर केली. पास्कूला असं उभं राहिलेलं तिने एकदाच पाहिलं होतं, तुफानात होडी आणली त्या दिवशी.

“हं मॅडम,” ती म्हणाली. “माझी तयारी हाय. कुटं यायचं ते सांगा.”

रसिका मॅडमनी वहीत शेवटची ओळ लिहिली, सही केली, तारीख टाकली. वही मिटली. चिंचेखालच्या पिंजऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फोन काढून एक नंबर लावला, कानाला धरला, वाट पाहिली, ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून, जरा जवळ सरकल्या.

“मावशी, तो ठेकेदार फोन उचलत नाहीये. सोमवारी दहाला पाहुणे येणार. घाई अजिबात नाही, लग्न आटपू दे, जेवणं होऊ देत… पण मग तेवढा पिंजरा परत जागेवर ठेवून द्याल का?”